‘समलैंगिकतेचे जनुक सापडले’ ही बातमी कशी वाचावी

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. समलिंगी व्यक्तीशी संबंध आल्याचे सांगणाऱ्या आणि न सांगणाऱ्या एकूण ४,७७,५२२ माणसांच्या डीएनएची त्यात तुलना केली होती. दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी ‘समलैंगिकतेचे जनुक नाहीच’ असा मथळा दिला, तर काहींनी ‘समलैंगिकतेचा जनुकांशी संबंध सिद्ध’ असा. दोन्ही मथळे एकाच निबंधावर आधारलेले होते आणि दोन्हींना त्या निबंधात थोडाफार आधारही होता. अशा बातम्या पुन्हा पुन्हा येत राहणार आहेत आणि त्यांच्या आधाराने घरोघरी खऱ्याखुऱ्या माणसांविषयी निर्णय घेतले जातात. म्हणून त्या कशा वाचायच्या, नेमके काय तपासायचे आणि कोणत्या वाक्यापाशी थांबायचे, हे वाचकाला ठाऊक असणे मला फार गरजेचे वाटते.

दोन प्रश्न आधी वेगळे करावेत

बातमी वाचायला घेण्यापूर्वी ‘लैंगिक कल कशामुळे घडतो?’ आणि ‘समलैंगिक माणसांना सन्मानाने जगू द्यावे का?’ हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधता येते, दुसऱ्याचे नाही. बर्लिनमध्ये १८९७ साली माग्नुस हिर्शफेल्ड यांनी समलैंगिक पुरुषांना शिक्षा करणाऱ्या कायद्याविरुद्ध चळवळ सुरू केली, तेव्हा ‘हा कल जन्मजात आहे, मग शिक्षा कशासाठी?’ हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. युक्तिवाद करुणेतून आलेला होता, पण त्याचा आधार किती ठिसूळ होता हे पुढे दिसले. नाझी राजवटीत १९४४ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल वेर्नेट या डॉक्टरने समलैंगिक कैद्यांच्या शरीरात कृत्रिम संप्रेरकग्रंथी बसवल्या. शरीरात काही कमी आहे आणि ते भरून काढता येईल, असे तोही मानत होता. कारण शारीरिक असल्याच्या समजुतीने त्या कैद्यांना कोणतेही संरक्षण मिळाले नाही.

उलट बाजूही तपासून पाहावी. धर्मश्रद्धा कोणत्याही जनुकात नसते आणि माणूस ती आयुष्यात बदलूही शकतो, तरी धर्मस्वातंत्र्याचा हक्क मागताना कोणी डीएनएचा दाखला मागत नाही. म्हणून एखाद्या लेखात ‘जनुक सापडले नाही, म्हणजे ही निवड आहे’ किंवा ‘जनुक सापडले, म्हणून हक्क द्यायला हवेत’ असे वाक्य आले, तर तिथे विज्ञान संपले आणि लेखकाचे मत सुरू झाले असे समजावे.

मोजले काय, ते शोधावे

यानंतर संशोधकांनी नेमके काय मोजले ते पाहावे. आकर्षण, प्रत्यक्ष संबंध आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येकाच्या बाबतीत जुळतातच असे नाही. २०१९ च्या संशोधनातील मुख्य प्रश्न इतकाच होता की, समलिंगी व्यक्तीशी आयुष्यात कधी एकदा तरी शरीरसंबंध आला आहे का? तरुणपणी एकदाच असा अनुभव घेतलेली व्यक्ती आणि तीस वर्षे समलिंगी जोडीदारासोबत संसार केलेली व्यक्ती त्यामुळे एकाच गटात गेल्या. ज्याला आयुष्यभर पुरुषांचेच आकर्षण वाटले, पण ज्याने भीतीपोटी कधी पाऊल उचलले नाही, तो मात्र दुसऱ्या गटात मोजला गेला.

यातली बहुतेक माहिती ‘यूके बायोबँक’ या ब्रिटिश संग्रहातून आली होती. तिथे नोंदणीच्या वेळी लोकांचे वय ४० ते ६९ होते आणि नोंदणी २००६ ते २०१० या काळात झाली. म्हणजे त्यांतील अनेक जण वयात आले तेव्हा त्यांच्या देशात पुरुषांमधील समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो १९६७ पर्यंत होता. अशा पिढीत ‘होय’ असे उत्तर कोण देतो, यात लैंगिक कलाइतकाच धाडसाचाही वाटा असणार. त्या उत्तराशी निगडित जनुकीय घटकांचा काही संबंध नव्या अनुभवांविषयीच्या मोकळेपणाशी आणि जोखीम पत्करण्याच्या वृत्तीशीही आढळला, ही गोष्ट मला या निबंधातील सर्वांत बोलकी वाटते. बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच आला.

माणसे कुठून आणली

जुळ्यांवरील संशोधन वाचताना हा प्रश्न विशेष काळजीने विचारावा. एकयुग्मजी जुळी एकाच फलित बीजांडातून जन्मतात आणि त्यांचा डीएनए जवळजवळ सारखा असतो. द्वियुग्मजी जुळ्यांतील साम्य इतर सख्ख्या भावंडांइतकेच, म्हणजे सरासरी निम्मे असते. एखादा गुण एकयुग्मजी जुळ्यांत अधिक वेळा जुळत असेल, तर त्यात जनुकांचा वाटा आहे असा तर्क केला जातो.

मायकेल बेली आणि रिचर्ड पिलार्ड यांनी १९९१ साली समलैंगिक पुरुषांच्या भावांचा अभ्यास केला. एकयुग्मजी जुळ्या भावांपैकी ५२ टक्के, द्वियुग्मजींपैकी २२ टक्के आणि दत्तक भावांपैकी ११ टक्के समलैंगिक किंवा उभयलैंगिक आढळले. हे तीन आकडे गेली तीन दशके सगळीकडे उद्धृत होत आले आहेत. त्याच अभ्यासातील चौथा आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही: जुळ्या नसलेल्या सख्ख्या भावांमध्ये हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. द्वियुग्मजी जुळे भाऊ आणि पुढेमागे जन्मलेले सख्खे भाऊ यांच्यातील जनुकीय साम्य सारखेच असते, तेव्हा २२ आणि ९ यांतील फरक जनुकांनी समजावता येत नाही. शिवाय रक्ताचे नाते नसलेल्या दत्तक भावांचा आकडा सख्ख्या भावांपेक्षा किंचित जास्तच भरतो.

याचे एक कारण माणसे गोळा करण्याच्या पद्धतीत आहे. या अभ्यासासाठी समलैंगिक वाचकांच्या नियतकालिकांत जाहिरात दिली होती. जाहिरात वाचून पुढे येणाऱ्यांत दोघेही भाऊ समलैंगिक असलेल्या जोड्या जास्त असण्याची शक्यता असते, कारण त्यांना हा विषय जवळचा वाटतो. बेली यांनीच २००० साली ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसे घेऊन पुन्हा अभ्यास केला, तेव्हा एकयुग्मजी पुरुषांमधील जुळणी सुमारे २० टक्क्यांवर आली. स्वतःच्याच गाजलेल्या आकड्याला धक्का देणारा असा अभ्यास करणाऱ्या संशोधकाविषयी आदर वाटायला हवा. वाचकाने त्यातून एवढी सवय उचलावी, की आकडा पाहण्यापूर्वी ‘यांना बोलावले कसे?’ हे विचारायचे.

टक्क्यांचा अर्थ

स्वीडनमधील ३,८२६ जुळ्या जोड्यांवर आधारलेल्या २०१० च्या अभ्यासात पुरुषांमधील फरकांपैकी ३४ ते ३९ टक्के आणि स्त्रियांमधील १८ ते १९ टक्के भाग आनुवंशिकतेच्या वाट्याला आला. ‘समलैंगिकता ३५ टक्के जनुकीय असते’ असे हे वाक्य सर्रास लिहिले जाते आणि ते चुकीचे आहे. आनुवंशिकतेचे प्रमाण एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. एका विशिष्ट लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो एवढेच ते सांगते. हाताला पाच बोटे येणे पूर्णपणे जनुकांच्या आराखड्यावर अवलंबून असते, तरीही बोटांच्या संख्येचे आनुवंशिकतेचे प्रमाण फार कमी भरते, कारण बोटे कमी असलेल्या बहुतेकांनी ती अपघातात गमावलेली असतात. हे उदाहरण नीट समजले, की टक्क्यांचे निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात.

उरलेल्या भागाला संशोधनाच्या भाषेत ‘पर्यावरण’ म्हणतात, आणि इथे वाचकाने सर्वांत जास्त सावध राहावे. या पर्यावरणात आईवडिलांनी दिलेले वळण, संगत, शाळा एवढेच येत नाही. गर्भाशयातील परिस्थिती, पेशींच्या वाढीतील योगायोग आणि मोजमापातील चुकाही त्यातच धरल्या जातात. स्वीडनच्या अभ्यासात घरातील सामायिक वातावरणाचा पुरुषांमधील वाटा शून्याजवळ आणि स्त्रियांमध्ये १६ ते १७ टक्के होता. दोघांमध्येही सर्वांत मोठा वाटा प्रत्येक जुळ्याच्या वाट्याला स्वतंत्रपणे आलेल्या घटकांचा होता. आपल्या वागण्यामुळे मूल असे झाले, या अपराधी भावनेत वर्षे काढणाऱ्या पालकांना हा तपशील कोणीतरी समजावून सांगायला हवा.

जैविक आणि जनुकीय या दोन गोष्टीही एक नव्हेत. सख्ख्या मोठ्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्या मुलग्याची समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते, असे रे ब्लँचार्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ साली दाखवले. दर मोठ्या भावामागे ही वाढ सुमारे एक तृतीयांश मानली जाते. मुळात शक्यता २ टक्के धरली, तर एका मोठ्या भावानंतर ती साधारण २.६ टक्के होते. २००६ च्या अभ्यासात हा परिणाम एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या भावांपुरताच दिसला, दत्तक किंवा सावत्र घरात एकत्र वाढलेल्या मुलांत दिसला नाही. म्हणून आईच्या शरीरातील प्रतिकारशक्तीचा यात हात असावा, असा अंदाज केला जातो. त्यावर संख्याशास्त्रीय आक्षेपही आहेत. पण हा परिणाम खरा असेल, तर तो जन्मापूर्वी घडतो आणि तरीही मुलाच्या जनुकांतून येत नाही.

जागा, जनुक आणि परिणामाचा आकार

डीन हेमर यांच्या १९९३ च्या निबंधापासून ‘समलैंगिकतेचे जनुक’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला. त्यांनी समलैंगिक भावांच्या ४० जोड्या तपासल्या. आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्राचा एखादा तुकडा दोन भावांत सारखा असण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे केवळ योगायोगाने २० जोड्या जुळल्या असत्या; एक्सक्यू२८ या टोकाच्या भागात ३३ जुळल्या. हा गुणसूत्राचा भाग आहे, त्यात अनेक जनुके आहेत आणि नेमके कोणते जनुक हे हेमर यांनी सांगितलेच नव्हते. १९९९ साली कॅनडातील ५२ जोड्यांवरील अभ्यासात हा संबंध आढळला नाही. पुढे ४०९ जोड्यांच्या मोठ्या अभ्यासात तो पुन्हा दिसला, आणि २०१९ च्या पावणेपाच लाख माणसांच्या वेगळ्या पद्धतीच्या संशोधनात एक्स गुणसूत्रावर ठळक असे काहीच मिळाले नाही. एका अभ्यासावरून मत बनवण्याची घाई का करू नये, याचे उत्तर या सगळ्या क्रमात आहे.

२०१९ च्या संशोधनात जनुकसंचातील पाच जागा निश्चितपणे हाती लागल्या. त्यांतील एकीचा परिणाम आकड्यांत पाहावा. अकराव्या गुणसूत्रावरील त्या जागी एका प्रकारचा क्रम असलेल्या पुरुषांपैकी ३.६ टक्क्यांनी समलिंगी संबंध आल्याचे सांगितले होते, तर दुसऱ्या प्रकारच्या पुरुषांपैकी ४.० टक्क्यांनी. ज्याला ‘सापडलेली जागा’ म्हणतात, तिचा आकार एवढा आहे. सर्व सामान्य जनुकीय फरकांचा एकत्रित वाटा ८ ते २५ टक्के येतो, पण तो हजारो बारीक फरकांत विखुरलेला आहे. त्यांची बेरीज करून काढलेला गुणांक लोकांमधील फरकाचा एक टक्काही समजावू शकला नाही. बातमीत परिणामाचा आकार दिलेला नसेल, तर मूळ निबंधाच्या सारांशात तो शोधावा आणि तिथेही नसेल तर बातमी बाजूला ठेवावी.

चाचणीचा दावा आला तर गणित करावे

२०१५ साली एका परिषदेत डीएनएवरील रासायनिक खुणांवरून पुरुषांचा लैंगिक कल जवळपास ७० टक्के अचूकतेने ओळखता येतो, असा दावा मांडला गेला. अभ्यास होता ४७ जुळ्या जोड्यांचा, आणि नमुना इतका लहान असताना असा निष्कर्ष काढण्यावर तज्ज्ञांनी लगेच टीका केली. अचूकता खरी मानली तरी काय होते, ते कागदावर मांडून पाहावे. समजा, १,००० पुरुषांपैकी ३० समलैंगिक आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ७० टक्के बरोबर ठरते. ती ३० पैकी २१ जणांना ओळखेल, आणि उरलेल्या ९७० पैकी २९१ जणांवरही चुकून तोच शिक्का मारील. शिक्का बसलेल्या ३१२ जणांत प्रत्यक्षात समलैंगिक असतील फक्त २१, म्हणजे सात टक्क्यांहून कमी.

२०१९ चा निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच त्यातील आकडे वापरून ‘तुम्ही किती समलैंगिक आहात’ हे सांगणारे एक अ‍ॅप बाजारात आले, आणि मूळ संशोधकांसह अनेकांनी जाहीर निषेध केल्यावर ते मागे घेतले गेले. अशा ठिकाणी आपला किंवा दुसऱ्या कोणाचा डीएनए अहवाल कधीही देऊ नये. जिथे हा कल उघड झाल्याने माणसाचा जीव धोक्यात येतो, तिथे तर चुकीचे उत्तरही घातक ठरते.

शेवटी मूळ निबंधातील मर्यादांचा परिच्छेद वाचावा. तो सहसा शेवटच्या पानांत असतो आणि बातमीत सहसा नसतो. २०१९ च्या संशोधनात मुख्यतः युरोपीय वंशाची माणसे होती, आणि ज्यांचे जन्मजात लिंग व स्वतः नोंदवलेले लिंग जुळत नव्हते त्यांना वगळले होते. त्यामुळे आशियाई, आफ्रिकी किंवा पारलिंगी व्यक्तींबद्दल त्यातून थेट काही सांगता येत नाही. बातमीत ‘माणसांमध्ये असे आढळले’ असे लिहिलेले असेल, तर तिथे प्रत्यक्ष तपासलेल्या गटाचे नाव, विचारलेला प्रश्न आणि परिणामाचा आकडा स्वतः घालून ते वाक्य पुन्हा लिहावे, आणि ती बातमी दुसऱ्या कोणाला पाठवायचीच असेल तर हे दुरुस्त केलेले वाक्य सोबत जोडूनच पाठवावी.