ऑपरेशननंतर उशाशी एक वही ठेवा

ऑपरेशननंतर काही बिघडलं आणि ते उशिरा लक्षात आलं, तर कोणी कधी काय सांगितलं हे नंतर कुणालाच धड आठवत नाही. सोलापुरात आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनवेळी आमचं हेच झालं. रात्री भाऊ, सकाळी मी, दुपारी वहिनी. प्रत्येकाकडे अर्धीच गोष्ट.

१. शंभर पानी वही घ्या. पाळी बदलताना वहीही हातात द्या.
२. वेळ घालून लिहा: "रात्री २.१०, ताप १०२, पोट फुगलं, सिस्टरला सांगितलं, त्या म्हणाल्या गॅस आहे." आपला संशय किंवा राग त्यात लिहू नका, फक्त जे दिसलं, जे ऐकलं ते.
३. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. केसपेपर, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट्स यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणं नियमाने बंधनकारक आहे.
४. मूळ रिपोर्ट कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

ग्राहक आयोगात तक्रारीला साधारण २ वर्षांची मुदत असते. मात्र सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या उपचारांबद्दल तिथे सहसा दाद मागता येत नाही, म्हणून आधी वकिलाला वही दाखवा.