पायी चालणाऱ्यांची मोजणी करताय? या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात आम्ही चार-पाच जणांनी रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी केली, तेव्हा पहिली चूक टायमिंगची झाली. सकाळी 11 ला वही घेऊन उभं राहिलो तर रस्ता मोकळा, वाटलं इथं काय प्रॉब्लेमच नाही. संध्याकाळी बॅच सुटायच्या टायमाला गेलो आणि बघतो तर लेकरं थव्यानं रस्त्यावर, मधून ऑटो, बाईक, समोरून ट्रॅव्हल्स. म्हणून शाळा-ट्यूशन सुटताना, बाजाराच्या दिवशी आणि अंधार पडल्यावर पण मोजा, आणि 15-15 मिनिटांचे आकडे वेगळे लिहा.

याच्यापेक्षा मोठी चूक म्हणजे फक्त झेब्र्यावर मोजणं. लोकं तिथून जातच नाहीत ना! डिव्हायडरची जाळी एका जागी वाकवलेली होती, खालची माती पायानं घट्ट झालेली, एक आजी पिशवी आधी पलीकडं ठेवून मग जाळीला धरून पाय टाकायलेली. का? तर समोरच ऑटो स्टँड, झेब्रा बराच लांब. ती जाळी सरळ करून काही होत नाही, क्रॉसिंगच तिथं पाहिजे, आणि ते मागायला तिथलाच आकडा लागतो.

पोलिसांच्या नोंदीत अपघात नाही म्हणून रस्ता सेफ समजू नका. पाय मुरगळला, कोपर फुटलं तर माणूस दवाखान्यात जातो, केस करत नाही. नोंद असली तरी 'बसस्टँडजवळ' एवढंच लिहिलेलं असेल तर नेमकी जागा सापडत नाही. आता ई-डारमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन अपघात-नोंदीत, लोकेशनसकट नोंद होते, ते लोकेशन मागून घ्या. हायवेवर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत 5 गंभीर किंवा जीवघेणे अपघात, नाहीतर 10 मृत्यू झाले की ब्लॅक स्पॉट म्हणतात, तोवर थांबायचं का आपण? 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी गेलेत.

सिग्नलचे सेकंद पण मोजा. रस्ता 14 मीटर असला तर सेकंदाला 1.2 मीटर चालणारा 12 सेकंदांत पार होतो, पण 0.8 नं चालणाऱ्या आजीला 17 च्या वर लागतात.

आणि क्रॉसिंगचं काम झाल्यावर परत मोजाल तर त्याच वारी, त्याच टायमाला मोजा. मे महिन्यात मोजू नका, निम्मी लेकरं गावाकडं गेलेली असतात.