तुतारी पुढं, हलगी मागं: अनेक ट्रॅकची मिडी एकाच खिडकीत कशी दुरुस्त करावी

वैशाख लागला की आमच्या बेळगावात रात्री अकराला फोन वाजायला लागतात. फेब्रुवारीतली शिवजयंती वेगळी, आमची परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि तिच्या पाठोपाठ चित्ररथांची मिरवणूक. प्रत्येक मंडळाचा जिवंत देखावा असतो, त्याला संवाद आणि संगीत लागतं. मग पेन ड्राइव्ह घेऊन पोरं दारात. "दादा, तुतारी पुढं पळायलीय अन् हलगी मागं ऱ्हायलीय, बघा की जरा."

दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं. मिडी म्हणजे कीबोर्डवर काय वाजवलं याची संगणकातली नोंद. त्यात तुतारी एका ट्रॅकवर वाजवली, हलगी दुसऱ्यावर, झांज तिसऱ्यावर, व्हायोलिनचा ताफा चौथ्यावर. आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा उघडून वेगळा सरळ केला. एकेकटं ऐकलं तर सगळं ठीक. एकत्र लावलं की राज्याभिषेकाचा एक ठोका चार जागी फुटतो. पियानो रोल म्हणजे नोट्स आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणारी खिडकी. चारही ट्रॅकच्या नोट्स एकाच पियानो रोलमध्ये आणल्या की हे डोळ्यांना दिसतं.

मी हे रीपर या संगीत जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं आणि विकत घेण्याआधी ६० दिवस वापरून बघता येतं. क्यूबेसमध्ये हेच काम की एडिटरमध्ये होतं. एबलटन लाइव्हमध्ये २०१८ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून एका वेळी आठ क्लिप उघडता येतात. बटणांची नावं बदलतात, रीत तीच.

आधी खिडकी नीट लावा

प्रेफरन्सेसमध्ये मिडी एडिटरच्या पानावर जा. एक एडिटर कशासाठी, असा पर्याय आहे तिथं 'प्रोजेक्ट' निवडा, नाहीतर प्रत्येक ट्रॅकला नवी खिडकी उघडत राहील. त्याच पानावर, उघडताना निवडलेले सगळे मिडी आयटम उघडावेत, असं ठरवा. मग मुख्य पडद्यावर कंट्रोल दाबून तुतारी, हलगी, झांज, व्हायोलिन यांचे तुकडे निवडा आणि एकावर डबल क्लिक करा.

पहिल्यांदा समोर नुसता गोंधळ दिसेल. खालच्या पट्टीत नोट्सचा रंग 'ट्रॅक'प्रमाणे करा, म्हणजे हलगी कुठली आणि झांज कुठली ते कळेल. आता कन्टेन्ट्स मेन्यूतून ट्रॅक लिस्ट उघडा. या सगळ्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा. इथं प्रत्येक ट्रॅकसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात: तो दिसावा का, आणि त्यात बदल करता यावा का. माझा शिरस्ता असा, की चारही ट्रॅक दिसू द्यायचे आणि बदलाची मुभा एकालाच ठेवायची.

हा शिरस्ता मी पुस्तकातून शिकलो नाही. एका वर्षी चारही ट्रॅक मोकळे ठेवून तुतारी एक सप्तक वर न्यायला बसलो. कंट्रोल आणि ए दाबलं, सगळं निवडलं गेलं, उचललं बारा सूर वर. ऐकताना तुतारी सोलोवर, म्हणजे एकटीच वाजत होती, झकास वाटली. पण तिच्याबरोबर हलगीही बारा सूर वर गेली होती, आणि माझ्या सॅम्पलरमध्ये (खऱ्या वाद्यांचे नोंदवलेले आवाज, म्हणजे सॅम्पल, वाजवणारं सॉफ्टवेअर) हलगीचा आवाज फक्त चार पट्ट्यांवर लावलेला. वरच्या पट्ट्यांवर काहीच नाही. रामलिंगखिंड गल्लीत रथ थांबला, मावळे तलवारी उपसून धावत आले, आणि हलगी गप्प. एवढं करून पोरांनी मलाच चहा पाजला, ते जास्त लागलं.

ठोके जुळवताना

मिडीत आवाज नसतो, सूचना असतात: कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली, किती जोरानं. पट्ट्या १२८, जोराचं माप १२७ पर्यंत. म्हणून एखादी नोट सरकवली तरी आवाजाची प्रत बिघडत नाही, बिनधास्त सरकवा. तरी प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावानं आधी ठेवाच.

कशाला प्रमाण धरायचं हे पहिल्यांदा ठरवा. मी हलगी धरतो. तिला मुभा द्या, क्यू दाबा, क्वांटाइझची, म्हणजे नोट्स ठोक्याच्या रेघांकडे ओढायची, चौकट येईल. ही ओढ १०० टक्के ठेवू नका. केरव्याच्या शेवटच्या मात्रेला वाजवणाऱ्याचा हात किंचित रेंगाळतो, त्यातच झोक असतो. ६० ते ७० टक्क्यांत चुका जातात आणि झोक राहतो. मग हलगीची मुभा काढून घ्या. आता झांज आणि तुतारी एकेक करून हलगीजवळ आणा, पडद्यावरच्या रेघांजवळ नव्हे. स्नॅप बंद करा, नाहीतर नोट परत रेघेलाच जाऊन चिकटेल.

व्हायोलिनचं प्रकरण वेगळं. त्यांच्या सॅम्पलला गज भरायला वेळ लागतो. नोट हलगीच्या बरोबर रेषेत ठेवली तरी कानाला उशिरा येते. मिनिटाला १२० ठोके असले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आणि रीपर त्याचे ९६० तुकडे करतो. आवाज भरायला ६० मिलिसेकंद लागत असतील तर नोट साधारण ११५ तुकडे आधी हवी. एकेक नोट ओढत बसण्यापेक्षा त्या ट्रॅकच्या रूटिंगच्या खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट आहे, तिथं पूर्ण ट्रॅक तेवढा आधी वाजायला सांगा. पडद्यावर नोट्स सरळ रेषेत राहतात, वाचायला सोपं.

चारही ट्रॅकना एकदम मुभा द्यायची ती फक्त एका कामासाठी: आपसांत जुळलेला एखादा ठोका संवादाच्या मागंपुढं न्यायचा असेल तेव्हा. उजवं बटण दाबून तेवढ्यापुरती चौकट ओढा, उचला, सरकवा, आणि लगेच मुभा काढा. निवडण्याआधी उभं झूम कमी करून सगळी सप्तकं पडद्यावर घ्या. खाली दडलेल्या झांजेच्या नोट्स चौकटीत आल्याच नाहीत तर त्या जुन्या जागीच वाजणार.

सुरांची भांडणं

पं. रामभाऊ विजापुरे यांनी पेटी शिकवली ते हे गाव. इथं देखाव्याच्या संगीतातही पेटी येतेच. आणि बेसूर झालं तर गल्लीतला कोणीतरी म्हातारा सांगतोच. पेटीवाला काळी एकमध्ये भीमपलास वाजवतो, गंधार कोमल, म्हणजे ६४ नंबरची पट्टी. व्हायोलिनला मात्र कोणीतरी तयार मेजर कॉर्ड लावलेली असते, तिचा गंधार ६५. वेगवेगळ्या खिडक्यांत दोन्ही निष्पाप दिसतात. एका खिडकीत दोन रंग अगदी लगतच्या पट्ट्यांवर एकावर एक बसलेले दिसले, की समजायचं खटका तिथंच आहे. व्हायोलिनचा गंधार एक पट्टी खाली घ्या, नाहीतर काढूनच टाका. बऱ्याचदा काढलेलाच बरा.

पियानो रोलच्या खाली प्रत्येक नोटचा जोर दाखवणाऱ्या उभ्या काड्या असतात, त्यांच्याबद्दल एवढंच: एकाच क्षणी दोन ट्रॅकच्या नोट्स असतील तर त्यांच्या काड्या एकमेकींवर उभ्या राहतात आणि हातात भलतीच येते. आधी वर नोट निवडा, मग खाली काडी ओढा. आणि सगळ्यांना १२७ देऊ नका. पोरं म्हणणार, "मोठ्ठं पायजे ओ." तुतारी पूर्ण जोरात एकदाच, महाराज सिंहासनावर बसताना.

शेवटी सोलोची सगळी बटणं काढून, पडदा बंद करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका. हेडफोनवर नको. शक्य असेल तर मंडळाचाच स्पीकर मागवा आणि त्यावर लावा. जनरेटर सुरू असताना झांज ऐकू येते की नाही, ते तिथंच कळतं.