गरोदरपणातले झटके: रुग्णवाहिका येईपर्यंत करायचं काम

गरोदरपणी पाय बहुतेकींचे सुजतात, त्यामुळे सुजेवरून काहीच ठरवू नये. २० आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरलं आणि लघवीत प्रथिनं सापडली, तर तो प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा गरोदरपणातला आजार. प्रथिनं नसली, पण प्लेटलेट घटल्या किंवा यकृत, मूत्रपिंड बिघडलं, तरी निदान तेच. बीपी पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, दंड छातीच्या उंचीला ठेवून घ्या. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला की आकडा उगाच चढतो.

मूळ दोष वारेत असतो. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंदावायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. रक्त कमी पडलेल्या वारेतून अशी द्रव्यं सुटतात की आईच्या अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मीठ तोडून हे थांबत नाही, आणि सुजेसाठी लघवीच्या गोळ्या तर देऊच नयेत. पहिलटकरीण, जुळं, मधुमेह, जुना बीपी किंवा मागच्या खेपेला हाच त्रास असेल, तर कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना १२व्या आठवड्यातच विचारा.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ: यातलं काहीही दिसलं तर झटका जवळ आलेला असू शकतो.

झटका आलाच, तर तो बहुधा मिनिट-दीड मिनिटात आपोआप थांबतो. तेवढ्यात कांदा हुंगवणं, तोंडात चमचा कोंबणं नको. बाईला डाव्या कुशीवर वळवा, लाळ पुसा, १०८ला फोन लावा.

आरोग्य केंद्रात पहिलं औषध मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट). ॲम्प्यूलवरची तीव्रता आधी वाचा, घोळ इथेच होतो. ५० टक्क्यांच्या २ मिलीत १ ग्रॅम असतं. चार ॲम्प्यूल (८ मिली) आणि १२ मिली सलाईन असे २० मिली करून शिरेतून किमान पाच मिनिटांत सावकाश. मग दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) १ मिली. शिरेतून देता येत नसेल, तर नुसते हे १० ग्रॅम देऊन पाठवा. पण बिनडोस पाठवू नका. वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर ठळक लिहा, नाहीतर पुढे डोस दुप्पट होतो.

पुढचे ५ ग्रॅम दर चार तासांनी, तेही गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडत असेल, श्वास मिनिटाला किमान १६ आणि चार तासांत लघवी १०० मिली असेल तरच. श्वास मंदावला तर मॅगसल्फ बंद, आणि त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम शिरेतून सावकाश.

बीपी १६०/११० किंवा वर असेल, तर निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला. जिभेखाली नको, बीपी धाडकन कोसळतं. शुद्ध नसेल तर शिरेतून लॅबेटॅलॉल २० मिग्रॅ; दम्याच्या रुग्णाला हे टाळा. सलाईन धो धो सोडू नका, फुप्फुसात पाणी भरतं.

बाळंतपणानंतर मेथर्जिन (रक्तस्राव थांबवायचं औषध) टाळा, त्याने बीपी चढतं. मॅगसल्फ बाळंतपण किंवा शेवटचा झटका, जे नंतरचं असेल, तिथून २४ तास. घरी गेलेली बाळंतीण डोकं दुखतं म्हणून बाम चोळत बसली असेल, तरी तिचं बीपी मोजा. झटके बाळंतपणानंतरही येतात.