ठेवून पाहिलं, शून्य आलं, तरी चुकलं

बहुपदीची संमिश्र मुळं काढायला बसलात म्हणजे वर्गसूत्र आणि अनुबद्ध जोडी (काल्पनिक भागाचं फक्त चिन्ह उलटं असलेली दोन मुळं) वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं. तरी भोसरीतल्या इंटर्नशिपमध्ये पहिल्याच रिपोर्टला तोंडावर पडलो. आठवलं की अजून कान गरम होतात.

कंट्रोल सिस्टिमची बहुपदी होती, क्ष^३ + ३क्ष^२ + ३क्ष + १. दहावीतलं पोरही सांगेल की हा (क्ष + १)^३ आहे, तिन्ही मुळं −१. मी नीट बघितलंच नाही. सहगुणक उचलले आणि पायथनमधल्या नमपाय लायब्ररीच्या रूट्स फंक्शनला दिले. एक वास्तव मूळ आलं आणि एक संमिश्र जोडी, काल्पनिक भाग लाखात एकाच्याही आतला. काल्पनिक भाग आहे म्हणजे ऑसिलेशन आहे, सिस्टिम डोलणार, असं मी ठोकून दिलं. ताळाही केला होता हो! मूळ परत बहुपदीत ठेवलं, दशांशचिन्हानंतर पंधराएक शून्यं आली. साहेबांनी एवढंच विचारलं, "मग टेस्ट बेंचवर का डोलत नाही?"

इथे जरा थांबा, कारण सगळे इथेच पडतात. याच बहुपदीत क्ष = −०.९९९ ठेवा. उत्तर ०.००१ चा घन, म्हणजे ०.००००००००१. शून्यच वाटतं ना? पण मूळ तिसऱ्या दशांशालाच चुकलंय. बहुगुणित मुळाजवळ, म्हणजे एकच मूळ अनेकदा येतं तिथे, बहुपदी इतकी सपाट असते की आसपासची कुठलीही संख्या 'मूळ' म्हणून खपून जाते. संगणकाकडे साधारण १६ अंकांची अचूकता असते. तिहेरी मुळात तिचा तिसरा हिस्सा, जेमतेम पाच अंक, हाती उरतो. माझा तो काल्पनिक भाग म्हणजे निव्वळ हा कचरा होता.

उलटंही होतं. क्ष^२ − १०^१२ मध्ये १०,००,०००.०००००१ ठेवा, उत्तर येतं जवळपास २. घाबरून मूळ फेकून द्याल, आणि ते बारा अंकांपर्यंत बरोबर असतं.

म्हणून नुसतं ठेवून बघू नका. आलेल्या उत्तराला त्याच जागच्या डेरिव्हेटिव्हने, म्हणजे बहुपदीच्या तिथल्या उताराने, भागा, मग मूळ साधारण किती सरकलंय ते कळतं. डेरिव्हेटिव्हही शून्याला टेकत असेल तर सावध व्हा, तिथे मुळं एकमेकांना चिकटलेली असतात. दिलेली बहुपदी आणि तिचं डेरिव्हेटिव्ह यांचा मसावि हाताने काढा. माझ्या बाबतीत तो (क्ष + १)^२ निघाला असता, म्हणजे −१ हे मूळ तीनदा आहे हे कळलं असतं, पाच मिनिटांत. आणि चिकटलेल्या मुळांची सरासरी घ्या. एकेक मूळ भरकटलं तरी सरासरी जागेवर राहते. माझ्या तिघांची −१ च आली.

यात तुमची अक्कल कमी आहे असं समजू नका. जेम्स विल्किन्सन या ब्रिटिश गणितज्ञाने १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी घेतली, क्ष^१९ च्या सहगुणकात, म्हणजे −२१० मध्ये, २^−२३ इतकाच फरक केला, आणि वीसपैकी दहा मुळं संमिश्र झाली.

आता माझं एक खटकणारं मत. क्लासमधले 'एमसीक्यू ट्रिक' शिकवणारे सर आणि 'सॉफ्टवेअर चुकत नाही' म्हणणारे सीनियर, दोघांना चहा पाजा, ऐकू मात्र नका. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभं करणारे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताचा आग्रह धरायचे. मला ते तेव्हा जुनाट वाटायचं. पाचव्या घातापासून पुढे वर्गसूत्रासारखं सर्वसाधारण सूत्रच नाही हे नॉर्वेचा गणितज्ञ आबेल याने १८२४ मध्ये दाखवलंय, तेव्हा संगणक लागणारच. पण अवयव पडतायत का ते आधी डोळ्यांनी बघा.

बाकी दोन गोष्टी भरभर. अनुबद्ध जोडीची खात्री फक्त सहगुणक वास्तव असतील तरच. क्ष^२ − ३iक्ष − २ ची मुळं i आणि २i आहेत, जोडी शोधत बसू नका. (इथला i म्हणजे आपला काल्पनिक एकक, आय.) आणि न्यूटनची पद्धत (अंदाज सुधारत सुधारत मूळ गाठायची) वास्तव संख्येपासून सुरू केलीत तर वास्तव सहगुणकांवर ती संमिश्र मुळाकडे जन्मात पोचणार नाही.

हो, नमपायच्या रूट्सला सहगुणक मोठ्या घातापासून द्यायचे. उलटे दिले तर मुळांचे व्यस्त मिळतात. माझे १, ३, ३, १ होते, दोन्हीकडून सारखेच, म्हणून ही एक चूक तेवढी हुकली.