पाय तयार, नकाशा कच्चा: माउंटन बाइक ओरिएंटियरिंगच्या तयारीत या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तयारी करणारी आपल्याकडची मुलं भेटली की बोलणं किलोमीटरपासूनच सुरू होतं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर किती झाले, ठाण्याजवळच्या येऊरचा चढ किती वेळा मारला. ही मेहनत खरी आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण या खेळात नकाशा मिळतो तो थेट स्टार्टला, आणि प्रत्येक कंट्रोल, म्हणजे नकाशावर खूण केलेला थांबा, ठरलेल्या क्रमानेच, सायकलवरून स्वतः वाट शोधून गाठायचा असतो. नकाशा कच्चा असेल तर दमदार पाय आपल्याला चुकीच्या फाट्यावरून लांब घेऊन जातात, एवढंच.

ओळखीच्या रस्त्यावरच सराव

येऊरचा रस्ता ठाण्याच्या सायकलस्वारांना पाठ आहे. तिथे नकाशा घेऊन गेलात तरी काम आठवणच करते. शिवाय ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आतल्या पायवाटांवर मनाला येईल तशी सायकल घालायची नाही.

त्यापेक्षा नवी मुंबईतला अनोळखी नोड, म्हणजे उपनगर, निवडा. खारघरच्या मुलाने ऐरोलीत जावं, कोपरखैरण्याच्या मुलीने उलव्यात. सेक्टरमधल्या गल्ल्या स्प्रिंटच्या, म्हणजे छोट्या वेगवान शर्यतीच्या, सरावाला उत्तम. 'ओपनओरिएंटियरिंग मॅपर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात साधा नकाशा तयार करा. रस्त्यांची नावं छापू नका आणि कंट्रोल दुसऱ्या कुणाला तरी ठरवायला सांगा. रविवारी उजाडताच निघा, वाहतुकीचे नियम पाळून.

थांबून नकाशा वाचणं

हिशेब करून बघा. १:१०,००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. ताशी १८ किलोमीटर वेगाने ते २० सेकंदांत संपतात. एवढ्या वेळात खालचे दगडही चुकवायचे आणि पुढची दोन-तीन वळणंही डोक्यात बसवायची. म्हणून मोठ्याने म्हणत चला: 'दुसरा डावा, मग चढ, टाकीपाशी उजवा.' कंट्रोलला पोचण्याआधी तिथून कुठल्या बाजूला निघायचं ते ठरलेलं हवं.

दम लागला की वाचन बिघडतं, म्हणून सरावही दम लागलेला असतानाच करायचा. पारसिकच्या चढावर ३ मिनिटं जोरात चढा आणि न थांबता पुढचा टप्पा वाचा. पहिले काही दिवस चिडचिड होईल. होऊ द्या.

जवळची वाट म्हणजे लवकरची वाट, हा समज

या नकाशात वाटेवरून सायकल किती वेगाने जाईल ते रेषेवरून कळतं. सलग रेषा म्हणजे वेगाची वाट. तुटक होत होत ठिपक्यांवर आली की सायकल ढकलण्याची वेळ. ठिपक्यांची छोटी वाट मोहात पाडते आणि वेळ खाते. डोंगरावरून की वळसा घालून, याचाही अंदाज हवा. दोन्ही वाटा घड्याळ लावून करून बघा, एकदा कोरड्यात आणि एकदा पावसाळ्यातल्या चिखलात. आणि नकाशावर परवानगी दाखवलेली नसेल तर वाट सोडून मधून जाणं नियमात बसत नाही.

युरोपात गेल्यावर कळणाऱ्या गोष्टी

तिथे भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक बऱ्याचदा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. आदल्या दिवशीच तपासा, हवं तर बदलून घ्या. बहुतेक देशांत रहदारी उजवीकडून चालते. समोरून कुणी आलं की आपला हात सवयीने डावीकडे वळतो, ती सवय मोडायचा सराव इथूनच करून जा.

हँडलवरचा नकाशाचा बोर्ड खडबडीत रस्त्यावर ढिला होतो, त्याचे स्क्रू आवळा. पंक्चर स्वतःच काढायचं असतं, बाहेरची मदत चालत नाही. आणि कंट्रोल गाठल्याची नोंद करणारी मनगटावरची चिप स्टार्टजवळच्या 'चेक' यंत्राला लावल्याशिवाय दुरून नोंद घेत नाही. ती वाजली का, ते प्रत्येक कंट्रोलला बघा.

हरवल्यावर पेडल मारत राहणं

ही माझी स्वतःची चूक. एका शर्यतीत फाटा चुकला हे कळूनही 'पुढे काहीतरी ओळखीचं दिसेल' म्हणत मी जात राहिले आणि ११ मिनिटं गेली. पाय टेकवायचा, नकाशा समोरच्या दिशेला फिरवायचा, शेवटची खात्रीची जागा आठवायची आणि तिथे परत जायचं.

आता सरावात मी मुलांच्या बोर्डवरचा नकाशा मध्येच काढून घेते. दोन मिनिटं तशीच चालवू देते, मग परत देऊन विचारते, "आपण कुठे आहोत?" सुरुवातीला सगळे म्हणतात, "ताई, थांबा जरा." दोन महिन्यांनी बोट ठेवून दाखवतात.