मुलांना मेसेजवरून कुणी छळत असेल तर आधी काय करायचं

मेसेज आला की पोरीचा चेहरा पडायचा, फोन पटकन पालथा ठेवायची, काय झालं विचारलं तर "काही नाही गं आई", असं आमच्याकडे बरेच दिवस चाललं होतं आणि मी काय केलं, तर सरळ फोन काढून घेतला. मोठी चूक झाली माझी. मुलं सांगत नाहीत ती ह्याच भीतीने, सांगितलं की फोन गेला आणि फोनसोबत सगळे मित्रमैत्रिणीही गेले. म्हणून आधी एवढंच बोला, "फोन तुझ्याकडेच राहील, मी ओरडणार नाही, मला फक्त दाखव." मग गप्प बसून ऐका, "तू आधी काय बोललीस?" हे तर अजिबात नको.

उत्तर देऊ देऊ नका. रागात टाइप केलेलं एक वाक्य पुरतं, उद्या त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो.

ब्लॉक करायची घाई नको, आधी पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज साधारण 2 दिवस सगळ्यांकडून डिलीट करता येतो, त्यामुळे दिसला की लगेच स्क्रीनशॉट, तारीख वेळ दिसेल असा, क्रॉप न करता. नंबर टोपणनावाने सेव्ह असेल तर चॅटमध्ये फक्त नावच दिसतं, म्हणून प्रोफाइल उघडून नंबरचाही वेगळा स्क्रीनशॉट घ्या. मग रिपोर्ट करा, त्या माणसाचे शेवटचे 5 मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि त्याला ते कळत नाही. रिपोर्ट करताना चॅट डिलीट करायचा पर्याय येतो तो नीट बघा, नाहीतर सगळं पुसलं जाईल.

वर्गातलंच कुणी असेल तर ब्लॉक केल्याचं लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरूनच चिडवतात. इन्स्टाग्रामवर त्यासाठी रिस्ट्रिक्ट बरं, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, वाचले की नाही ते समोरच्याला दिसत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये अनोळखी कुणी अ‍ॅड करू नये म्हणून प्रायव्हसीत, ग्रुप्समध्ये जाऊन माय कॉन्टॅक्ट्स निवडा.

खासगी फोटो फिरत असेल तर तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, अगदी आजीआजोबांनाही नाही. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी टेक इट डाउन नावाची मोफत सोय आहे, फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी अ‍ॅप तो ठसा जुळवून फोटो काढून टाकतात. फोटोच्या बदल्यात पैसे मागत असतील तर एक रुपयाही देऊ नका, मागणी वाढतच जाते, थेट पोलिसात जा.

शाळेत जाताना स्क्रीनशॉट तारखेनुसार प्रिंट करून न्या, नुसतं तोंडी सांगितलं तर "मुलांची मस्करी" म्हणून सोडून देतात. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसलेलीच बरी" असं काही बोललं तर स्क्रीनशॉट वगैरे राहू दे, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.